दुसरी चूल

थोरली जाऊ काहीतरी कारस्थान करतेय, हा किडा धाकटीच्या डोक्यात चार दिवस वळवळत होता.

गल्लीत दोन कचेऱ्यांची माणसं फिरत होती. एका कचेरीचे, म्हणजे बाजारवाले, हातातलं कसब बघून बाजारात गाळा देत आणि म्हणत, आता कमवा आणि वर या. दुसरीचे, म्हणजे घरवाले, घर बघत. आजारी कोण, खाणारी तोंडं किती, ते पाहून औषधं आणि छपराला पत्रे देत. खरी गरिबी कोण हटवणार, यावर नळावर रोज जुंपायची. यादी मात्र दोघांची एकच, आणि नियमही एकच: एका चुलीला एकच मदत.

धाकटीकडे शिलाई मशीन होतं, तिला गाळा हवा होता. थोरलीला सासूबाईंचं दम्याचं औषध हवं होतं.

"कमाई सुरू झाली की औषध मीच आणीन," धाकटी म्हणाली होती.

"आणि तोवर आईंनी श्वास घ्यायचा नाही की काय?"

त्यानंतर थोरली गप्प झाली. हेच तर खटकत होतं! घरवाल्या कचेरीतल्या बाईंशी ती कोपऱ्यात कुजबुजायची आणि धाकटी दिसली की दोघी तोंडाला कुलूप लावायच्या. मागच्या खोलीत तर ती कुणाला फिरकू देईना. एवढं काय दडवलंय मेलीने?

तपासणीच्या सकाळी बाई आल्या, सोबत त्यांचे साहेबही. थोरलीचा चेहरा पडला. साहेब येणार हे ठरलेलं नसावं. धाकटीने तेवढ्यात पुढे होऊन मागच्या खोलीचं दार ढकललं.

आत विटांची चूल पेटली होती. वर झाकलेलं पातेलं, शेजारी सासूबाईंचं अंथरूण. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेगळी चूल मांडली! तीही आईंना आपल्याकडे ओढून!

"साहेब, हे सगळं सोंग आहे! कालपर्यंत आमची एकच चूल होती. बघा, विटांचा चिखलही ओला आहे."

बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी चिखलाला बोट लावून पाहिलं आणि यादीवर आडवी रेघ मारली.

"खोटी चूल. आता ना गाळा, ना औषध."

ते गेल्यावर थोरली उंबऱ्यावरच बसली. "दोन चुली दिसल्या तर दोन घरं धरता येतील, असं बाईच म्हणाल्या होत्या. गाळा तुझा, औषध आईंचं."

"मग मला का नाही सांगितलंत, ताई?"

"तुला खोटं कुठे जमतं? तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं."

धाकटीला कुठे तोंड लपवावं कळेना. आत सासूबाईंना खोकल्याची उबळ आली तशी ती धावली. नव्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण तिने काढलं. धान्याचा दाणाही नव्हता, नुसतं पाणी उकळत होतं. आधीच उघडून पाहिलं असतं, तर ही चूल घर फोडायला नाही, नुसती दाखवायला मांडलीय हे कळलं असतं!

तेच पातेलं उतरवून तिने सासूबाईंना वाफ घ्यायला दिलं.