माझ्या छपराखाली

मी एक चिनी अक्षर बोलतोय. माझा अर्थ घर. फार पूर्वी हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर मला कोरलं, तेव्हा वर छप्पर काढलं आणि खाली डुक्कर. पुढे माझा अर्थ पसरत गेला. कुटुंब, कूळ, अगदी 'देश' या शब्दातही मी शिरलो. पण माझ्या छपराखाली माणूस कुणी काढलाच नाही. त्या एकटेपणाची मला सवय झाली आहे.

चीनमधल्या गुइझो प्रांताच्या डोंगरात एका लाकडी घराच्या दारावर, लाल कागदावर मी राहतो. या घरच्या लेकीने, लिंगसूने, मला शाळकरी वयात लिहिलं आणि ती शिकायला परदेशी गेली. तिची आई वारली, शेजारी शहरात गेले. इथे दर नववर्षाला दारावर नवा कागद लावतात. तिच्या बाबांनी मात्र मला कधी उतरवलं नाही. मी फिका पडत गेलो.

लिंगसू परतली ती गावात शाळा काढायच्या ध्यासाने. बाबा दारात वाट बघत असतील, असं तिला वाटलं होतं. दार उघडं होतं, घर रिकामं. बाबा घराखालच्या गोठ्यात डुकराशी गप्पा मारत बसले होते.

जेवताना तिने बजावलं, माणसांच्या पायांखाली जनावर नको, रोगराई होते. वेई खाटकाला तिने सकाळी यायचा सांगावाही धाडला होता. बाबांनी वाद घातला नाही.

"नेऊ दे," वाडग्यात बघत ते म्हणाले. "फक्त संध्याकाळी हाक मारली की ओ देणारं तेवढंच आहे गं."

लिंगसूने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. परदेशात माझ्या जन्माची गोष्ट ती मित्रांना किती रंगवून सांगायची! बाबा कसे राहतात, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं.

सकाळी वेई दोर आणि बांबू घेऊन हजर झाला. ती त्याला परत जा म्हणाली, तसा तो हसला. "एवढी शिकून आलीस, आणि पहिला विद्यार्थी डुक्कर?"

"असू दे, काका. निदान हजर तरी असतो."

मग ती बाबांकडे वळली. "गोठा मागे तुमच्या खिडकीसमोर हलवू, हाक पोचेल इतका जवळ. खालची जागा धुऊन काढते. गावात उरलेली पोरं तिथेच बसतील. मी इथेच राहणार आहे."

तुम्ही मला कधी लिहायला घेतलंत, तर छप्पर जरा ऐसपैस काढा. आत माणसं यायची आहेत.