पट्टा सरकला आणि मी चालायला शिकलो

मित्रांनो, मी एक जुना खराद आहे. लाकूड गरागरा फिरवायचं, म्हणजे कारागिराला ते पटाशीने गोल कातता येतं, एवढंच माझं काम. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यात कविताताईंच्या दुकानात मी राहतो. अंगाने लहान, पण वेग विचाराल तर वारा! लाटणी, भोवरे, रव्या मी चुटकीसरशी फिरवून दिल्या. गिऱ्हाइकं कौतुक करत आणि मी फुगून जाई. खरं तर मला तो एकच वेग येत होता.

यंदा ताईंच्या धाकट्या बहिणीचं, पूनमचं लग्न ठरलं. या घरची लेक सासरी जाताना घरात घडवलेली काठवट नेते. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. वडील होते तोवर ती हाताने कोरत. आता ते नाहीत, म्हणून ताईंनी ते काम माझ्यावर करायचं ठरवलं.

सागाचा रुंद ठोकळा अंगावर चढला आणि मी सवयीने सुसाट सुटलो. ठोकळा थडथडला, टेबल सरकलं. ताईंनी घाईघाईने बटण बंद केलं.

"याच्याने नाही होणार, ताई," त्यांचा भाऊ प्रवीण म्हणाला. "भंगारात देऊन देऊ याला. काठवट बाजारातून आणू."

"बाजारची? मग घरचं काय नेईल रे पूनम?" ताई ठोकळ्यावरून हात फिरवत म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि भंगाराचं नाव ऐकून घामही फुटला.

प्रवीणलाही राहवेना. दुसऱ्या दिवशी तो लहान-मोठ्या पायऱ्या असलेल्या दोन पुल्या, म्हणजे मोटरचा पट्टा ज्यांवर फिरतो ती चाकं, घेऊन आला. एक मोटरला बसवली, एक मला. "मोठं काम आहे, तर मोटरच्या मोठ्या पायरीवरच पट्टा लागेल ना!" असं म्हणून त्याने चाचणीसाठी एक लाटणं चढवलं आणि बटण दाबलं.

अरे बापरे! मी असा पिसाटलो की अंगावरचं लाटणं सुटून थेट पत्र्यावर आदळलं.

शेजारचा रितेश धावत आला. "काय भौ, हेलिकॉप्टर बनवून राहिले का?"

ताई हसून हसून खाली बसल्या. "उलटं केलं रे! मोटरची छोटी पायरी घे, याची मोठी. ती खूप वेळा फिरेल, तेव्हा हा एकदा फिरेल."

पट्टा सरकला, ठोकळा पुन्हा चढला. आणि मित्रांनो, मी चाललो! धावलो नाही, शांत चाललो. ठोकळा थडथडला नाही, टेबल जागचं हललं नाही. सागाच्या लांब सालपटांनी दुकान भरलं आणि मधून गोल, खोलगट काठवट उमलत गेली. जन्मात एवढा आनंद मला झाला नव्हता.

पूनमने काठवटीच्या काठावरून हात फिरवला. "ताई, बाबांनीच केली असं वाटून राहिलं गं."

तिघंही रडली आणि लगेच हसलीही. "आता भंगारवाल्याला काय सांगू?" प्रवीणने विचारलं.

"सांग, खराद कामात आहे!" ताई म्हणाल्या.

तर मित्रांनो, माझ्यासारख्याला वेळच्या वेळी तेल द्या, पट्टा बदलताना बटण बंद ठेवा. आणि कुणाला एखादं काम जमेना, तर त्याला टाकून देण्याआधी थोडं हळू चालू देऊन पाहा.