हो म्हणजे नाही

आमची इमारत एक, जिना एक, पाण्याचा नळसुद्धा एकच. खाली मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग, वर नर्सिंगचं कॉलेज. खाली येणाऱ्यांपैकी निम्म्यांना पुढे वरच जायचं असतं, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक. पण खाली काय शिकवतात त्याचा वरच्यांना पत्ता नाही, आणि वर काय विचारतात ते खालच्यांनी विचारायचं नाही! मी खाली शिकवते. माझं डोकं मुळात तापट, त्यात ही नोकरी.

आणि त्यात माझी सख्खी वहिनी माझ्याच वर्गात.

वहिनी तिकडे, मायदेशी असताना नर्स होती. दोन पोरं झाली तरी तिने वॉर्ड सोडला नाही. इकडे परदेशात आली आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला लागली. परत नर्स व्हायचं तर वरच्या कॉलेजात प्रवेश हवा, आणि प्रवेशासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा. ती दोनदाच देता येते. दुसऱ्यांदा आपटलात तर बसा चादरी मोजत.

आमच्या अभ्यासक्रमाच्या सगळ्या पायऱ्या ती पहिल्या नंबराने चढली. हॉटेलात टेबल कसं राखून ठेवायचं, हे तिला झोपेतसुद्धा येतं. आता हिला हॉटेलात नेणार कोण? माझा दादा? तो घरी नळ गळतोय तो दुरुस्त करत नाही!

तर अशी तयारी करून वहिनी वर गेली आणि नापास होऊन खाली आली. "वन्सं, खोटं एक अक्षर बोलले नाही हो," एवढंच म्हणत होती. काय झालं ते घरी गेल्यावर तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. परीक्षक डॉक्टर झाला होता, ही नर्स. पेशंटला गोळी दिलेली नाही, असं हिच्या हातात लिहून दिलेलं. त्याने इंग्रजीत विचारलं, गोळी दिली नाहीस? ही म्हणाली, येस. त्याने भुवया उंचावून पुन्हा विचारलं, म्हणजे दिली नाहीस? ही आणखी जोरात, येस, येस!

"मग बरोबरच की," दादा म्हणाला. "नाही दिली, म्हणून हो."

मी कपाळावर हात मारून घेतला. आपण सगळे असेच बोलतो. जेवला नाहीस? हो, नाही जेवलो. समोरच्याचं म्हणणं खरं, म्हणून हो. पण त्यांच्या येसचा अर्थ होतो गोळी दिली. झालं! हिने चांगल्या मनाने कागदावरच्या पेशंटला दुसरी गोळी चारण्याची सोय केली होती. परीक्षकाने 'धोकादायक' असा शेरा मारला. वहिनी, जिने आयुष्यात कुणाला चुकीचं औषध दिलं नाही, ती धोकादायक! माझा असा संताप झाला की त्या रात्री कुकरचं झाकणही मला उघडेना.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढले. कॉलेजात प्रवेशाचं बघणारे एक दाढीवाले गृहस्थ आहेत. म्हटलं, प्रश्न सांगू नका, पण कुठल्या प्रकारचं इंग्रजी लागतं तेवढं सांगा, आम्ही खाली तेच शिकवतो. ते म्हणाले, परीक्षा गोपनीय असते. म्हटलं, मग तुम्हीच खाली या, आठवड्यातून एकदा वॉर्डातलं बोलणं शिकवा. दाढी खाजवत म्हणाले, "आमचं काम नर्सिंग. इंग्रजीचं काम तुमचं."

तशीच खाली आले, आमच्या मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई वर्गात कधी येत नाहीत, खुर्चीतूनच उंटावरून शेळ्या हाकतात. त्या म्हणाल्या, "आपलं काम पायऱ्या पूर्ण करून घेणं. पुढे ते कुठे जातात, हा त्यांचा प्रश्न. आणि या महिन्याचा धडा 'माझे छंद' आहे." आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, ते हेच!

ठीक आहे, म्हटलं. छंद तर छंद.

वर्गात मी फळ्यावर 'माझे छंद' असं ठसठशीत लिहिलं आणि एकेकाला उभं केलं. तुम्हाला पोहता येत नाही? येस, म्हणाला बेकरीवाला. म्हणजे येतं? नो, नो, येस! त्याची भाषा वेगळी, पण खोड तीच. मग त्यानेच सांगितलं, मालकाने विचारलं होतं, भट्टी बंद केली नाहीस ना? भट्टी चालूच होती, म्हणून हा येस म्हणाला; मालकाला वाटलं बंद केली, त्याने बेधडक हात घातला आणि चटका लागून आला. सगळा वर्ग हसला, वहिनीसुद्धा. कितीतरी दिवसांनी हसली बया.

मी नियम केला: येस आणि नो यांच्यावर बंदी. जे केलं ते सांगायचं, जे केलं नाही ते सांगायचं, पूर्ण वाक्यात. मी गोळी दिली. मी गोळी दिलेली नाही. घरीही तेच. दादा विचारायचा, "चहा नको ना?" वहिनी म्हणायची, "मला चहा हवा आहे." तो वैतागला. "अगं, हे घर आहे की कचेरी?" म्हटलं, दादा, तू गप्प बस आणि चहा कर.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी वहिनी वर गेली तेव्हा मी खाली शिकवत होते. काय शिकवलं, विचारू नका. खडू दोनदा मोडला. बाहेर जिन्यावर पाऊल वाजलं की माझं वाक्य अर्धंच राहायचं. इतकी धसकले होते मी, की माझी स्वतःची कुठली परीक्षा असती तरी एवढी धसकले नसते. ही पुन्हा चादरींकडे गेली तर मी तिच्याकडे बघणार कशी?

ती दारात येऊन उभी राहिली. धापा टाकत, पदर घट्ट धरून. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

"नापास नाही ना झालीस?" मी सगळ्या वर्गासमोर मराठीतच ओरडले.

"हो," वहिनी म्हणाली.

"हो? हो म्हणजे काय, वहिनी? हो झालीस, की हो नाही झालीस? अगं बोल ना, जीव जाईल माझा!"

बेकरीवाल्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्याने मागच्या बाकावरून इंग्रजीत आवाज दिला, "पूर्ण वाक्य! पूर्ण वाक्य!"

वहिनीने श्वास घेतला, ताठ उभी राहिली आणि वर्गातल्यासारखं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "टीचर, आय हॅव पास्ड."

मी मटकन खुर्चीत बसले. वर्ग टाळ्या वाजवत होता, मला मात्र समोरचं काही दिसत नव्हतं. ती जवळ आली, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि कानाशी वाकून म्हणाली, "वन्सं, एवढं शिकवलंत, आणि स्वतः मात्र प्रश्न उलटाच विचारलात."