धंद्याचा रकाना नसलेला फॉर्म

दर रविवारी दुपारी, शहाद्याच्या आमच्या दुकानात, मी, नवनीत आणि कॉलेजातल्या दोन मैत्रिणी एक खेळ खेळतो. नवनीत गोष्ट सांगतो, आम्ही त्यातली माणसं होतो आणि पुढे काय घडेल ते फासे ठरवतात. नवनीत कळसाडीचा, ऊसवाल्यांच्या घरातला. हे खूळ त्यानं पुण्याच्या हॉस्टेलातून आणलं. दुकान माझ्या अब्बांचं, गाद्या भरायचं. बसायला कापूस भरपूर, म्हणून जागा पक्की झाली.

सुरुवातीला तो प्रत्येकाला एक वर्ग द्यायचा. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. एकदा वैद्य झालात की मरेपर्यंत वैद्य, तलवार शिकायची नाही. मी पहिल्याच दिवशी भांडले. आम्ही पिंजारी, कापूस पिंजणारे. आडनाव सांगितलं की लोक पुढचं विचारतच नाहीत. मग रविवारीही तेच कशाला? नवनीतनं दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी नवा कागद छापून आणला. त्यावर वर्ग नव्हता. नाव, गाव, आणि खाली नुसत्या रेघा. प्रत्येकाला चाळीस गुण, ज्याला जे यायला हवं त्यावर त्यानं ते खर्चायचे. एका गोष्टीवर पंधराच्या वर नाही. शिवाय दर खेळानंतर तीन नवे गुण.

यंदाच्या मे महिन्यात अब्बांनी दुकान बंद करायचं ठरवलं. फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजायच्या मशीनला कामच उरलं नव्हतं. सोमवारी भंगारवाला मशीन उचलणार, आणि एक तारखेपासून अब्बा कापसाच्या जिनिंग मिलवर वॉचमन. बावन्नाव्या वर्षी खुर्चीवर बसून फाटक राखायचं. मला याचा संताप येत होता, पण अब्बांपुढे बोलायची सोय नव्हती.

त्या रविवारी मी आत चहा टाकून बाहेर आले, तर अब्बा चष्मा लावून खेळाचा कोरा कागद भरत होते. वर आधार नंबरसुद्धा घातला होता. कारागिरांच्या कुठल्याशा योजनेचा फॉर्म आहे असं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"अतिका, धंदाना रकाना कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"नही शे, अब्बा."

"असा कसा फॉर्म?"

खालच्या रेघेवर त्यांनी लिहिलं होतं: गादी भरणे, चाळीस. हा खेळ आहे हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

"एका कामले पंधराना वर देता येत नही," मी म्हणाले.

"मंग बाकीना पंचवीस?"

"दुसरं काय येस ते लिखा."

"दुसरं काय येस माले?" अब्बा चिडले. "पिंजारी शे मी."

मग माझाही तोल गेला. मशीनची मोटर सहा वेळा जळाली तेव्हा ती कोणी उघडली? तांब्याच्या तारेचे वेढे मोजून वहीत कोणी लिहून ठेवले? शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर कोणी बांधून दिली? अब्बा म्हणाले, ते काय काम आहे, ते तर घरचं. पण पेन हातातच होतं. बराच वेळ बसून त्यांनी लिहिलं: मोटर वाइंडिंग, तेरा. उरलेले बारा गुण शिलाई आणि घासाघीस यांत वाटून टाकले.

तेवढ्यात नवनीत आला आणि त्यानं कागद उचलला. हा हसला तर याला आज दुकानाबाहेर काढायचं, असं मी मनाशी ठरवलं.

"चाचा, वाइंडिंग तेरा? हाई खरं शे का?"

"फॉर्मवर खोटं कसाले लिखू?"

"आमनी बोरनी मोटर जळी गयी. तीन दिन व्हयनात, ऊस वाळी ऱ्हायना. आठेच आनू का?"

त्या दिवशी खेळ झालाच नाही. संध्याकाळी मोटर आली. सोमवारी भंगारवाला आला तेव्हा अब्बा ओट्यावर बसून तिची जळकी तार उपसत होते. मशीन न्या, म्हणाले, पण तिची मोटर राहू द्या. मशीन टेम्पोत चढताना त्यांनी एकदाच मान वर केली. गुरुवारी कळसाडीच्या बोरला पाणी आलं आणि शुक्रवारी त्याच गावातल्या आणखी दोन मोटरी आमच्या ओट्यावर. जिनिंगवर अब्बांनी नाही म्हणून कळवलं.

पुढच्या रविवारी मी त्यांना खरं सांगून टाकलं. तो फॉर्म नव्हता अब्बा, खेळ होता. मला वाटलं, रागावतील. ते हात पुसून आमच्यात येऊन बसले. नवनीतच्या गोष्टीत त्यांनी एका राजाचं बंद पडलेलं कारंजं दुरुस्त केलं आणि वर राजाशी घासाघीसही केली.

खेळ संपला, आम्ही कागद आवरायला लागलो, तर अब्बा उठेनात.

"मन्हा तीन गुण कोठे शेतस?" त्यांनी नवनीतला विचारलं.

नवनीतनं कागद पुढे केला. दोन गुण त्यांनी वाइंडिंगला दिले आणि पंधरा पूर्ण केले. तिसऱ्यासाठी पेन धरून कितीतरी वेळ बसले. मग नवी रेघ घेऊन लिहिलं: पोहणे, एक. जन्म तापीकाठी गेला, पण या माणसाला कधी पोहायचं होतं हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी चहाचे कप घेऊन आत गेले.