शेवटचे दोन खटके

ट्रकवरच्या फळ्यांच्या थप्पीला पट्टा बांधून झाला की ऑर्वल त्याच्यावर थाप मारायचा आन् म्हणायचा, "ही आता कुठं जायची नाही." रोझबर्गच्या आमच्या लाकूड-यार्डात सगळेच ड्रायव्हर तसं म्हणतात. न म्हणता गाडी काढली तर रस्त्यात माल सरकतो म्हणे. मी फोर्कलिफ्टवर बसून हसायचो, पण कुणी विसरला तर हाक मारून आठवणही करून द्यायचो.

ऑर्वलचा उजवा खांदा गेला होता. फळ्यांच्या थप्पीवरून पट्टा पलीकडं फेकायचं त्याला जमायचं, पण बकलचं हँडल मागंपुढं मारून एकेक खटक्यानं पट्टा आवळायचा, तिथं तो अडायचा. सुरवातीचे खटके पोरसुद्धा मारील. माल धरून ठेवतात ते शेवटचे दोन. तेवढे सोडून ऑर्वल थाप मारायचा आन् कॉफीला जायचा. मालकाला, डेंटनला, हे कळलं असतं तर गाडी गेली असती. आन् गाडी सोडून त्या माणसाकडं दुसरं काय होतं? बायको तर आधीच गेली होती.

गेली म्हणजे कुठं, पलीकडच्याच ट्रकवर. ट्वायला. घटस्फोट झाला तरी दोघं एकाच यार्डात गाड्या भरायचे.

"ट्वायला, पट्टे बांधतेस का बुटाच्या नाड्या?" ऑर्वल ओरडायचा.

"एक तुझ्या तोंडाला बांधते, ये इकडं!"

आन् तो कॉफीला वळला की हीच बया गुपचूप जाऊन त्याच्या प्रत्येक पट्ट्याला शेवटचे दोन खटके द्यायची. मी बघायचो. बाकीचेही बघायचे. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक. म्हणून सगळ्यांचीच तोंडं बंद.

त्या दिवशी ऑर्वलनं एक पट्टा इतका ढिला ठेवला, की आवळताना बकलच्या दांड्यावर नुसत्या गुंडाळ्याच भरल्या. पुढं खटका बसेना. ट्वायलानं बकल उघडलं, पट्टा हातानं ओढून ताणला, पुन्हा आवळला. मग उरलेलं शेपूट उडू नये म्हणून बांधलं. तिथं घात झाला. शेपूट बांधायची ज्याची त्याची रीत असते. ऑर्वल गोल भाकरीसारखी गुंडाळी करून रबर लावतो. ट्वायला वेणी घालते. हात आपसूक चालले तिचे.

फाटकावर डेंटन उभा. तो स्वतः जुना ड्रायव्हर. वेणी बघून थांबला.

"हा कुणी बांधला?"

ऑर्वलनं वेणी बघितली. दोघांच्या लेकीच्या डोक्यावर रोज सकाळी बघितलेली वेणी ती, ओळखणार नाही होय? मान वर न करता म्हणाला, "मी."

"बरं. मग सोड आन् माझ्यासमोर पुन्हा बांध."

सोडला त्यानं. पट्टा फेकला, ओवला, हँडल मारायला लागला. खट्, खट्, खट्. मग थांबलं. दुसरा हात लावला, अंग टाकलं, मानेच्या शिरा तटतटल्या. ट्वायला पुढं सरकली.

"हात लावू नको!" तिच्याकडं न बघताच तो ओरडला.

हँडल काही हललं नाही. शेवटी त्यानं पट्ट्यावर थाप मारली. "ही आता कुठं जायची नाही."

कुणी हसलं नाही. डेंटननं हात पुढं केला आन् ऑर्वलनं किल्ली दिली. डेंटनला शिव्या घालाव्या तर तो चुकला कुठं? मागून येणाऱ्या गाडीत कुणाचीतरी पोरं असतात.

"कधीपासनं करतेस?" ऑर्वलनं विचारलं.

"बर्फ पडत होतं तेव्हापासनं."

"म्हणजे सगळ्या यार्डाला माहीत."

ती म्हणाली, "माल पडला असता, ऑर्वल."

"पडू द्यायचास. माझ्या हातनं पडला असता."

माल तर जायलाच हवा होता. डेंटननं तो किल्लीसकट ट्वायलाकडं दिला. ऑर्वलसमोरच तिनं ते दोन खटके मारले, एका हातानं. थाप मारायला हात उचलला आन् तसाच खाली घेतला. ते वाक्य न म्हणताच गाडी काढली. माझ्याही तोंडून हाक निघाली नाही.

ऑर्वलला घरी सोडायला मी माझ्या पिकअपमध्ये घेतलं. सीटचा पट्टा ओढायला त्यानं डावा हात उजव्या खांद्यावरून मागं नेला. पट्टा अर्ध्यापर्यंत आला, हातातनं निसटून मागं गेला. पुन्हा ओढला, पुन्हा निसटला. मी वाकून हात पुढं केला.

"तू पण?" म्हणाला.

मी हात मागं घेतला. पट्टा लावला नाही की ती गाडी टिंग टिंग करत राहते. त्याच्या घरापर्यंत ती तशीच वाजत होती.