दोन डिस्कची जागा

फ्लेमिंगने कॉम्प्युटरला जादा डिस्क जोडायची दोन्ही कार्डं जुन्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवली आणि रंगाच्या ब्रशने त्यांच्यावरची धूळ झटकली. बोदिलने आपला कॉफीचा कप बाजूला ओढून घेतला.

"हे मोठं," फ्लेमिंग म्हणाला. "मागे दोन तोंडं, एकेका तोंडातून चार-चार केबली. म्हणजे आठ डिस्क. कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरमधून काढलेलं आहे, पण तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. आणि हे धाकटं. दोन डिस्क, बस्स."

प्रेबेनने चष्मा कपाळावर चढवला आणि मोठं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. जवळचं बघताना तो चष्मा काढायचा.

"तापतं का?"

"तापणारच. एक छोटा पंखा बांध त्याला. जन्मभर बोटींवरच्या रेडिओंना पंखे बांधलेस, आता मी शिकवू का तुला?"

"आणि डिस्क जशा आहेत तशा दाखवतं ना? स्वतःची अक्कल चालवून सगळ्यांची मिळून एकच तर करत नाही?"

"ती अक्कल काढून टाकलीय मी त्याची. आता नुसता हमाल आहे. एका हाताने घेतो, दुसऱ्या हाताने देतो, पेटी उघडून बघत नाही."

बोदिल हसली. हियोरिंग गावातल्या फ्लेमिंगच्या या गॅरेजात ती आपल्या नवऱ्याबरोबर, प्रेबेनबरोबर, दीडेक वर्षाने एकदा यायची आणि मासळीच्या उलट्या क्रेटवर उशी टाकून बसायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती उशी फ्लेमिंग स्वतःहून काढून ठेवायचा. त्या दोघांचं बोलणं तिला सगळं कळत नसे. पण घरच्या यंत्राच्या कामात तिचाही वाटा होता. नवी डिस्क बसवली की तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून तारीख घालायची, ती बोदिलने. तिचं अक्षर सुरेख होतं. हिर्टशाल्सच्या मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं तिनेच खोक्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या.

ते यंत्र, कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारा सर्व्हर, त्यांच्या घरात मुरंब्याच्या कोठीत होतं. खालच्या फळीवर बीटाच्या बरण्या, वरच्या फळीवर ते काळं खोकं. घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर दोन कॅमेरे होते आणि ते दिवसरात्र समुद्राकडचा कडा टिपत. सुरुवात झाली होती नगरपालिकेशी भांडताना. कडा किती भराभर ढासळतो ते डोळ्यांनी दिसलं तर हे लोक पायथ्याशी दगड टाकतील, असं प्रेबेनला वाटलं होतं. दगड आले नाहीत. घरं पाच, आणि उन्हाळी बंगल्यांना धरून तेरा. एवढ्यासाठी दगड परवडत नाहीत, असं पत्र आलं. उलट, कडा घरापासून पाच मीटरवर आला की घर सोडायचं, नगरपालिका ते पाडून नेईल, असंही त्यात होतं. भांडण संपलं, पण कॅमेरे चालूच राहिले.

"कशाला आता?" बोदिलने तेव्हा विचारलं होतं.

"जातंय तर कोणीतरी बघायला नको का?" तो म्हणाला होता.

एक डिस्क भरायला दीड वर्ष लागायचं. आता खोक्यातल्या सहाही जागा भरत आल्या होत्या.

"मी तर मोठंच बांधायला घेणार होतो," फ्लेमिंग म्हणाला. "तुझा हिशेब मला माहीत आहे. छपराचे पत्रे दुप्पट, पाण्याच्या किटल्या दोन. लग्नात अंगठ्या चार आणल्या होत्यास का रे?"

"तीन," बोदिल म्हणाली. "एक अजून सापडायची आहे."

प्रेबेन हसला नाही. त्याने मोठं कार्ड वर्तमानपत्रावर परत ठेवलं, कड कागदाच्या कडेला जुळेल असं नीट ठेवलं, आणि बोटाने थोडं लांब सरकवलं.

"धाकटं दे."

"कुठलं?"

"धाकटं. दोनवालं."

फ्लेमिंगने ब्रश खाली ठेवला. "हे बघ, तुझ्या खोक्यात कार्डाची खाच एकच मोकळी आहे. हे बसवलंस की मग दुसऱ्याला जागा नाही. नंतर येऊन माझ्या नावाने बोटं मोडशील."

"नाही मोडणार."

"मग पुढेमागे मोठ्या डिस्क घालणार आहेस का? दुप्पट मापाच्या?"

"नाही. आहेत त्याच मापाच्या, दोन. पुरतील."

प्रेबेन माणसांशी गोड बोलून वेळ मारून न्यायचा. लेकीशी, शेजाऱ्यांशी, नगरपालिकेच्या माणसाशीसुद्धा. पण ज्याला तार जोडायची त्या वस्तूशी तो कधी खोटं वागला नाही. वायरला जेवढा भार, तेवढाच फ्यूज.

बोदिलच्या ओठांवर थट्टा आली होती. दोन डिस्क म्हणजे तीन वर्षं. मग उरलेली पाच काय मुरंब्याच्या बरणीत भरणार, असं ती म्हणणार होती. कारण कडा तीस मीटरवर होता. वर्षाला तीन मीटर जातात, शेवटचे पाच सोडायचे, म्हणजे आठ वर्षं. हे गणित प्रेबेननेच तिला शिकवलं होतं, आणि ते त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

तिने तोंड उघडलं आणि तिला प्रेबेनचा हात दिसला. त्याने ते धाकटं कार्ड उचलून कोटाच्या आतल्या खिशात घातलं होतं आणि वरून हात तसाच दाबून धरला होता.

तिने कप उचलला. कॉफी गार झाली होती तरी ती शेवटपर्यंत प्याली.

"बोदिल, तू तरी सांग याला," फ्लेमिंग म्हणाला.

"मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली.

परतताना प्रेबेन गाडी चालवत होता. वारा आडवा होता आणि तो दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. बोदिल खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला तिला ती नवी बैठी घरं दिसली, म्हाताऱ्या लोकांसाठी बांधलेली; दाराशी पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडे. त्यातलं एक घर मागच्या वसंतात त्यांना मिळत होतं. दुसरं शरद ऋतूत. दोन्ही वेळा त्यांनी नाही कळवलं. दोनदा नाही म्हटलं की यादीतून नाव जातं आणि पुन्हा शेवटी लागतं. आता पाच वर्षं तरी नंबर येणार नव्हता.

"तीस मीटर आहे अजून," तो शरद ऋतूत स्वयंपाकघरात पत्र हातात धरून म्हणाला होता. "आठ वर्षं. मी ब्याऐंशीचा असेन, बोदिल. तोवर कोण राहिलंय?"

तिला ते घर हवं होतं. ते दांडे हवे होते. पण आठ वर्षं म्हणजे आठ वर्षं. तिने स्वतःच्या सुरेख अक्षरात नकार लिहून दिला होता.

आणि आता ती मागे मागे मोजत गेली. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. मोठं वादळ झालं तेव्हा ती गुडघ्यासाठी इस्पितळात होती. खिडकीच्या काचा रात्रभर थरथरत होत्या आणि तिने सकाळी घरी फोन केला होता.

"किती गेलं?"

"दीड मीटर," तो म्हणाला होता. म्हणण्याआधी थोडा थांबला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, फोनची लाइन खराब आहे.

घरी आल्यापासून ती कड्यापर्यंत गेली नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीपुढे गवताचा उंचवटा होता, त्यापलीकडे काय आहे ते पायरीवरून दिसत नसे. नगरपालिकेचा माणूस यायचा तो प्रेबेनबरोबर परस्पर बाहेरून चक्कर मारून जायचा. टपालाच्या पेटीची किल्ली प्रेबेनकडे असायची.

घरी पोचल्यावर दोघांनी काळ्या पावावर हेरिंग मासळी घालून खाल्ली. प्रेबेनने ताट धुतलं, मग घड्याळ बघितलं.

"आज एक तारीख," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर मोजून टाकू."

दर महिन्याच्या एक तारखेला ते मोजायचे, पंधरा वर्षं. पद्धत ठरलेली होती. बोदिल पायरीवर उभी राहून टेपचं टोक दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवून धरायची, प्रेबेन टेपची चकती घेऊन उंचवट्यापलीकडे कड्यापर्यंत जायचा आणि तिथून आकडा ओरडून सांगायचा. बोदिल तो वहीत लिहायची.

तिने कोट चढवला, वही खिशात घातली आणि टोक खिळ्याला अडकवून धरलं. प्रेबेन गवतातून चालत गेला. उंचवट्यावर त्याची टोपी क्षणभर दिसली, मग दिसेनाशी झाली. टेप ताणली गेली आणि वाऱ्याने गुणगुणायला लागली.

"धरलंस?"

"धरलं."

समुद्राचा आवाज मोठा होता. एवढा मोठा तो कधीपासून झाला, तिला आठवेना.

"तीस मीटर दहा," प्रेबेन ओरडला.

तिने वही उघडली. गेल्या महिन्याचा आकडा होता तीस पस्तीस. त्याच्या वरचा तीस साठ. पान भरून आकडे होते, एकाखाली एक, हळूहळू उतरत गेलेले, कुठेही घाई नसलेले. हे सगळे त्याने एकेक करून घडवले असतील. आधीचा लक्षात ठेवून, हिवाळ्यात थोडे जास्त, उन्हाळ्यात थोडे कमी.

टेप सैल पडली. आता तो चकती फिरवत परत निघणार होता. बोदिल पायरीवर उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. मासळीच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणारी खोकी ती अशीच मोजायची, न बघता. गवतात बूट घासल्याचा आवाज यायला लागला.

एक. दोन. तीन.

प्रेबेन ठेंगणा माणूस. त्याचं पाऊल मीटरभर कधीच पडलं नाही; तीस मीटरला त्याला चाळीस तरी पावलं लागायला हवी होती.

अठरा. एकोणीस.

आवाज थांबला. तिने डोळे उघडले तेव्हा तो पायरीखाली उभा होता, हातात चकती, नाकाला वाऱ्याने पाणी सुटलेलं.

"लिहिलंस?"

तिने पेन्सिल वहीला टेकवली. तीस, दहा. शून्य अगदी गोल काढलं आणि पुढे तारीख घातली.

"लिहिलं."

"मग चल आत. गारठशील. मी ते कार्ड बसवून घेतो."

"नको बसवू."

"का?"

बोदिलने वही मिटून खिशात घातली. उंचवट्यावरचं गवत एका बाजूला आडवं झालं होतं आणि त्याच्यामागे आभाळच होतं, दुसरं काही नाही.

"उद्या फ्लेमिंगकडे जा आणि ते परत कर," ती म्हणाली. "आठवालं घेऊन ये."

"दोन पुरतात, बोदिल."

"पुरत असतील. पण आपल्याकडे दुप्पट घ्यायची पद्धत आहे. अजून तीस मीटर आहे ना?"

प्रेबेनने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती; खिळ्यावरून टेपचं टोक काढून त्याच्यापुढे धरून उभी होती. त्याने ते घेतलं. त्याचा अंगठा तिच्या बोटांना लागला, बर्फासारखा गार.

"आहे," तो म्हणाला.

"मग झालं. पट्ट्या कापून ठेवते मी. आठ लागतील."

ती दाराची चौकट धरून आत गेली आणि तिने दिवा लावला. खिडकीतून तिला प्रेबेन दिसत होता. टेप सगळी चकतीत गेली होती, तरी तो पायरीखाली उभा राहून चकतीची मूठ फिरवत होता.