कुसुमचं तोंड आणि सायलीचं गेट

पेढ्याचा पुडा घेऊन कुसुम निघाली ती जयवंत सुपरवायझरच्या पाया पडायलाच. मनात नुसती आग होती. सायली गावातल्या यार्नच्या, म्हणजे सुताच्या, कंपनीत त्याला सगळ्यांसमोर झापून तिनं काम सोडलं होतं. तेव्हापासून सायलीतल्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर गेली की वॉचमन विचारणार, "पहिले कुठं होती?" ती तोऱ्यात सांगणार, "बॉबिनवर, तीन वर्षं!" की झालं. "जग्या नथी." जागा नाही म्हणे.

जयवंतनंच नाव खराब केलं, दुसरं काय! आता त्यालाच पटवायचं होतं.

वाटेत नळापाशी शिफ्ट सुटलेल्या बायांची गर्दी होती. मुंबईच्या कॉलेजातल्या वासंतीताई महिनाभर तिथं उभ्या राहून बायांना कामाचं विचारत होत्या. जयवंतनं आपल्या मर्जीतल्या दोघी पाठवल्या होत्या. ताईंनी त्यांना चहा पाजून परत धाडलं.

"कुणी निवडलेली नको. नळावर येणारी दर सातवी बाई घेणार."

सातवी निघाली कुसुम.

"मला काय विचारता? माझ्या तोंडापायी कुणी घेत नाय मला."

"तोंडापायीच, हे कशावरून?"

"मंग कशापायी?"

"गरीब स्वभावाच्या बायांना घेतात का, ते बघायला नको?"

कुसुमनं शेजारी बघितलं. कळशी भरत सरुबाई बसलेली. कुत्र्यालाही हाड म्हणायची नाही, पण जुन्या कंपनीतलं बॉबिनचं काम सोडल्यापासून तीही घरीच. आणि तिची भाची गुड्डी, नंदुरबारहून आली, वॉचमनला शिव्या घातल्या, तरी पहिल्याच गेटला कामाला लागली! धागा ओवता येत नव्हता पोरीला.

"आयला!" कुसुम म्हणाली.

"दोघी-तिघींवरून मी ठोकून बोलणार नाही," ताई हसल्या. "पण सगळ्यांचं मांडून बघितलं. भांडखोर नि गरीब असं वेगळं केलं तर काही फरक नाही. सायलीत आधी काम केलेली नि नवी असं केलं, की फरक दिसतो. काम शिकलेलीला नाही म्हणतात."

"नवी स्वस्तात पडते ना!"

"मलाही तेच वाटलं. म्हणून शेजारच्या अथाल गावाला गेले. मशीन तेच. पण तिथले शेठ सायलीतल्या मालकांच्या बैठकीत बसत नाहीत. ते शिकलेलीलाच आधी घेतात, पगारही जास्त देतात."

कुसुमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हंजे एकमेकांची बाई घ्यायची नाय, असं ठरवलंय मेल्यांनी! बाई जाणार कुठं? मंग पगार कशाला वाढवतील!"

"तसंच दिसतंय. अजून विचारायचंय मला."

ताई एकदाही ओरडल्या नाहीत. कुसुम रोज बोंबलत होती, तरी तिला हे दिसलं नव्हतं. तिनं पुडा फोडला.

"घ्या ताई. सरुबाई, तूपण घे. जयवंतचे होते."

दुसऱ्या दिवशी अथालच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "पहिले कुठं होती?"

कुसुमनं मागं उभ्या सरुबाईचाही हात वर केला.

"सायलीला! दोघीपण बॉबिनवर!"

"थांबा," तो म्हणाला नि त्यानं कडी काढली.